घशाचा मेंदू सुजला तेव्हा

घसा आणि दहाबोट्या यांची पहिली भेट एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये झाली. आठ माणसांच्या त्या लिफ्टमध्ये तेव्हा पंधरा माणसं, तीन छत्र्या, एक शिलाई मशीन आणि एक गाभण मांजर होती. मांजर पुढे सांगणाऱ्यांनी पदरची घातली असेल. शिलाई मशीन मात्र नक्की होतं, कारण त्याचं चाक दहाबोट्याच्या पोटात रुतलं होतं आणि ती खूण तो कितीतरी वर्षं शर्ट वर करून दाखवायचा. लोक त्या इमारतीत कसले कसले दाखले काढायला येत. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, मोठा दिवा गेला, कोपऱ्यातला एक मिणमिणता दिवा उरला आणि कुणीतरी मुसमुसायला लागलं. एवढ्यात लिफ्टच बोलायला लागली. गुडघे धरलेल्या म्हातारीच्या आवाजात ती म्हणाली, की बाबांनो, माझं वय काय, तुमची वजनं काय. जरा टेकले तर लगेच रडारड कशाला?

मुसमुसणं थांबलं. मग समोरच्या कोपऱ्यातून, डोक्यांच्या गर्दीवर एक हात उगवला. हातावर रुमाल, रुमालाला दोन गाठींचे कान. तो रुमाल लिफ्टचं बोलणं ऐकून मान डोलवू लागला, मग मान हलवून नाही म्हणू लागला, आणि शेवटी सरळ वाद घालायला उभा राहिला. त्याला आवाज हवा होता. तो लगेच मिळाला, चिडका आणि नाकातला. रुमाल आणि लिफ्ट यांचं असं काही जुंपलं, की दुरुस्तीला आलेला मेकॅनिक वरच्या फटीतून डोकं घालून बघत राहिला आणि हत्यारं खाली ठेवून तिथेच पाय सोडून बसला. त्याला झापायला आलेले साहेब त्याच्या शेजारी बसले. लिफ्ट सुरू झाली तेव्हा आतल्या लोकांनी तक्रार केली. तळमजल्यावर दार उघडलं तरी निम्मे लोक उतरेनात. त्यांनी पुन्हा वरचं बटण दाबलं. त्या दिवशी त्या इमारतीत एकही दाखला निघाला नाही, असं म्हणतात.

बाहेर पडल्यावर दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा नीट पाहिलं आणि दोघांचीही घोर निराशा झाली. असा आवाज म्हणजे कुणीतरी दांडगा गडी असणार, असं दहाबोट्याला वाटलं होतं; समोर हँगरला अडकवलेल्या कोटासारखा एक किडकिडीत माणूस उभा. अशी बोटं म्हणजे कुणी नाजूक कलावंत असणार, असं घशाला वाटलं होतं; समोर दारात अडकेल असा धिप्पाड गृहस्थ, मनगटापर्यंत पैलवान आणि मनगटापुढे विणकाम करणारी बाई. दहा बोटं सगळ्यांनाच असतात. पण याच्या दहाही बोटांना स्वतंत्र नोकऱ्या होत्या. दोघं चहाला गेले ते बाहुल्यांचा खेळ काढायचं ठरवूनच उठले.

दहाबोट्याने लाकडाची घडीची चौकट केली, तिला काळा पडदा लावला आणि हातमोज्यांच्या बाहुल्या शिवल्या: एक राजा, एक खोकणारी शेळी, एक जाडा शिपाई, एक भांडकुदळ मावशी आणि एक मगर, जिला स्वभावाने फार गरीब ठेवलं होतं. दहाबोट्या गुडघ्यांवर उभा राहून दोन्ही हात वर धरायचा. घसा त्याच्या बगलेखाली बुटक्या स्टुलावर बसून सगळ्यांचे आवाज काढायचा. शाळांची सभागृहं, वाचनालयं, वाढदिवसांचे हॉल, इस्पितळांतले मुलांचे वॉर्ड, जिथे बोलावतील तिथे हे जात. एका पडद्याआड इतकं चिकटून वीसेक वर्षं काढली, की आज दुसऱ्याने काय खाल्लंय, हे एकाला श्वासावरून कळायचं. लोक आवाजासाठी येतात अशी घशाची खात्री होती. लोक हातांसाठी येतात अशी दहाबोट्याची होती. हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नाही, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

घसा आपल्या घशाला तान्ह्या मुलासारखा जपायचा. भर उन्हाळ्यात मफलर. थंड पाणी बंद. धूळ दिसली की रस्ता ओलांडायचा. बायकोशी भांडण झालं तर तेही हातवारे करून, कारण ओरडल्याने स्वर फाटतो. बिचारीला एकटीलाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागायचं. आणि खेळाच्या आधी गालात ज्येष्ठमधाची एक काडी, सुताराच्या कानावरच्या पेन्सिलीसारखी कायमची. ती चघळली की आवाजाला तेल मिळतं, असं तो म्हणायचा. एका काडीने कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडलं ते वीसेक वर्षांनी. एका खेळानंतर बाहुल्या पेटीत ठेवता ठेवता दहाबोट्या सहज म्हटल्यासारखं म्हणाला, की आज घसा जरा बसल्यासारखा वाटला. घशाने हसण्यावारी नेलं. पुढच्या खेळाला तो पुन्हा तेच म्हणाला, तेही काळजीने, खांद्यावर हात ठेवून. त्या दिवशी घसा घरी येऊन न्हाणीघरात दार लावून बसला आणि त्याने राजापासून मगरीपर्यंत सगळ्यांना बोलवून तपासलं. सगळे ठणठणीत वाटले. पण स्वतःच्या आवाजाचं स्वतःला काय कळणार? त्याने बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "हो, थोडासा जाणवतो खरा."

झालं. त्या एका वाक्याने माणूस खचला. घशाच्या डॉक्टरांकडे गेला; त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि सगळं छान आहे म्हणाले. तेव्हा या डॉक्टरांना ऐकू कमी येतं, असा निष्कर्ष काढून तो थेट काष्ठौषधींच्या दुकानात गेला. एका काडीच्या जागी मूठ आली. सकाळी उकळून काढा, दिवसभर चघळायला तुकडे, झोपताना उशीखाली पुडी. जीभ तपकिरी झाली. दुकानदाराने त्याच्यासाठी वेगळा डबा ठेवला. पाय सुजायला लागले, तर त्याने बूट बदलले. डोकं दुखायला लागलं, तर उशी बदलली. जिना चढताना मांड्यांतलं बळ जायचं, त्याचा दोष वयावर टाकला. रक्तदाब मोजून घ्या, असं शेजाऱ्याने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आवाजाला रक्तदाब नसतो. आणि इतकं सगळं करूनही दहाबोट्या दर खेळानंतर मान हलवायचाच. मग घसा आणखी एक मूठ वाढवायचा.

शेवटी एका शाळेच्या सभागृहात राजा अडखळला. "प्रजाजनहो" म्हणायचं होतं. तोंडातून ओल्या कापडासारखं काहीतरी बाहेर पडलं. मुलं खिदळली. राजा दारू पिऊन आलाय असं त्यांना वाटलं. मग शेळी राजाच्या आवाजात बोलली आणि मुलं बाकांवरून घरंगळायच्या बेताला आली. घशाला समोर दोन पडदे दिसत होते, दोन दहाबोटे, चार हात. डोक्यात कुणीतरी दगडी पाटा ठेवला होता. त्याला वाटलं की आपण बोलतोय. पण स्वतःचा आवाज कानावर येईना. मग तो स्टुलावरून हळूच खाली सरकला आणि चौकटीला डोकं टेकून पडला.

दहाबोट्याने खाली पाहिलं, आणि पुन्हा वर. याने खोडी काढली आणि आता रुसून बसलाय, असं आपल्याला वाटलं, हे त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं. त्याने उरलेला खेळ एकही शब्द न बोलता नुसत्या हातांनी पुरा केला. मुलांनी टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. त्या टाळ्या घशाने जमिनीवर पडल्या पडल्या ऐकल्या. त्याचं ऐकणं तेवढं शाबूत होतं.

जवळच्या इस्पितळात नेईपर्यंत त्याला आकडीचा एक झटकाही येऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला तो छताला टेकलेला. घाईने सीटी स्कॅन केला. मेंदूच्या देठाशी, जिथून बोलणं, गिळणं, तोल सगळं जातं, तिथे एक काळपट, फुगलेला भाग दिसला. डॉक्टरांनी बायकोला आणि दहाबोट्याला पलंगापासून चार पावलं लांब नेलं आणि आवाज खाली करून सांगितलं, की हे बहुधा गाठीचं लक्षण आहे, आणि त्या जागी गाठ असेल तर कापता येत नाही. उद्या मोठ्या इस्पितळात एमआरआय करून नक्की करू. पण मनाची तयारी ठेवा. आपला आवाज खाली केला की तो पेशंटला ऐकू जात नाही, असं सगळ्या डॉक्टरांना वाटतं. घसा सगळं ऐकत होता. डोळे उघडत नव्हते, जीभ दुसऱ्याच्या बुटासारखी तोंडात पडली होती; पण कान तेवढे ड्यूटीवर होते. डोळे मिटलेला माणूस बहिरा असतो, हे बाकीच्यांनी आपल्या सोयीने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटीच्या वेळेत, बायको थर्मास भरून आणायला गेली आणि दहाबोट्या लोखंडी स्टुलावर एकटाच बसला. त्याने घशाचा हात हातात घेतला आणि तो रडला. खरंच रडला, एवढा मोठा माणूस, स्टूल करकरत होतं. मग त्याने नाक पुसलं आणि बोलायला लागला. मरणाऱ्या माणसाजवळ लोक बोलतात तसं, म्हणजे स्वतःशी.

त्याने सांगितलं ते असं. शहरातल्या मोठ्या बालनाट्यगृहाच्या संचालिकाबाईंनी वर्षभरापूर्वी त्यांचा खेळ पाहिला होता. त्यांना हात फार आवडले. त्यांना बिनशब्दांचा खेळ हवा होता, म्हणजे कुठल्याही देशात नेता येईल, भाषेची अडचण नाही. एकाच माणसाचा खेळ. दहाबोट्याने हो म्हणून टाकलं. जोडीदाराचं काय, असं बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्याचा घसा आता साथ देत नाही, तो थांबायचंच म्हणतोय.

"तुला सांगायचं धाडसच होईना रे," दहाबोट्या म्हणाला. "मग म्हटलं, तुझं तुलाच वाटू दे की आता पुरे. म्हणून ते घसा बसल्याचं काढलं. वहिनींना सांगितलं होतं मी. त्या म्हणाल्या, एकदम सांगू नका, मोडून पडतील. हळूहळू होऊ दे." मग एक मोठा उसासा सोडून, दाराच्या कड्या लावून झाल्यावर माणूस सोडतो तसा, म्हणाला, "आता तुला कळायची गरजच उरली नाही. एका परीने बरंच झालं."

घशाजवळ डझनभर आवाज होते. त्यातला एकही येईना. राजाला त्याने हुकूम दिला, मावशीच्या हातापाया पडला. सगळे पेटीत झोपलेले. नुसतं एक टिपूस डोळ्यातून खाली आलं. दहाबोट्याने ते आपल्या त्या सुंदर बोटांनी अलगद पुसलं, डोळ्यातून पाणी येतंय असं परिचारिकेला सांगितलं, आणि उशाशी ठेवलेल्या पुड्यातली दोन बिस्किटं खाल्ली.

त्याच संध्याकाळी एमआरआय. अंगावरचं धातूचं सगळं काढलं, कानात बोळे घातले, डोक्याभोवती पिंजरा लावला आणि पावभट्टीत पाव सरकवावा तसं त्याला आत सरकवलं. अजिबात हलू नका, असं सांगितलं. त्याला कष्ट पडणार नव्हते. मग यंत्र सुरू झालं. आधी कुणीतरी हातोडीने ठोकत होतं, मग कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं, मग भांडून आलेल्या पाहुण्यासारखी बेल वाजत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच घशाला आपल्यापेक्षा मोठ्या आवाजाचं कुणीतरी भेटलं होतं, आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं. तशातही त्याच्यातल्या कलावंताने नोंद केली की याला श्वास कुठे घ्यावा हे कळत नाही. पण मन तिथे लागेना. गाठ आहे हे त्याने कालच मान्य केलं होतं. ते दोन वाक्यांत झालं. पण ते "एका परीने बरंच झालं" काही केल्या गिळलं जाईना. या भोंग्याने लवकर काय तो निकाल द्यावा, म्हणजे हे डोक्यात घेऊन फार दिवस पडून राहावं लागणार नाही, एवढीच त्याची इच्छा होती.

निकाल द्यायला एमआरआयच्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर, चित्रांशी बोलण्याची सवय असल्यामुळे माणसांशीही थोड्या चित्रांसारख्याच बोलणाऱ्या. बाकावर बायको आणि दहाबोट्या बसले होते. घशाची गाडी दाराशी लावलेली, न्यायला माणूस यायचा होता.

"गाठ नाही," बाई म्हणाल्या. "सूज आहे. आणि ही सूज उतरते."

मग त्यांनी समजावलं. भिंतीतल्या नळात दाब फार वाढला की नळाला पाझर फुटतो आणि भिंतीला ओल धरते. पोपडे येतात, भिंत फुगते. लांबून बघणाऱ्याला वाटतं भिंत गेली. याच्या मेंदूत तसं झालंय. साध्या स्कॅनमध्ये गाठ, मेलेला भाग आणि ओल, सगळंच काळपट दिसतं, म्हणून पहिल्या डॉक्टरांना दोष देऊ नका. शिवाय ही ओल बहुतेकांना डोक्याच्या मागच्या बाजूला धरते, दोन्हीकडे सारखी. याला ती देठात धरली आहे, जिथे ती क्वचित दिसते. एमआरआयमध्ये मात्र पाणी हलतंय की अडकलंय, हे पाहता येतं. पेशी मेल्या की पाणी आत कोंडून राहतं. इथे ते पेशींच्या बाहेर मोकळं फिरतंय. आणि गाठीचं एकही लक्षण नाही. म्हणजे भिंत शाबूत आहे. दाब बेताबेताने खाली आणला की वाळेल. थोड्या दिवसांनी पुन्हा चित्र काढू आणि खात्री करू.

बायको रडायला लागली. आनंदाचं रडणं होतं ते, त्यात खोट नव्हती. दहाबोट्या उठून उभा राहिला. घशाच्या पापण्या एव्हाना जराशा उघडत होत्या, आणि उघडल्याबरोबर त्याला दिसला तो दहाबोट्याचा चेहरा. तो चेहरा हसत होता. पण रिकाम्या घरात सामान आवरून निघताना मालक दारात उभा दिसला, तर माणूस हसेल तसा.

बाईंचं काम अजून संपलं नव्हतं. एवढा दाब वाढला कशाने, हे त्यांना हवं होतं. मूत्रपिंडं ठीक होती. रक्तात पोटॅशियम फार खाली गेलेलं होतं. कसलं औषध घेतात का? नाही. दारू? नाही. मग खाण्यात काही वेगळं? बायको डोळे पुसत म्हणाली, वेगळं काही नाही हो, नुसतं ज्येष्ठमध.

"किती?"

बायकोने ओंजळ करून दाखवली. दहाबोट्याने न राहवून तीच ओंजळ थोडी मोठी करून दाखवली.

"रोज?" बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ज्येष्ठमध एवढ्या प्रमाणात घेतलं तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि दाब चढवतं, त्या म्हणाल्या. हेच कारण, आजपासून एक तुकडाही नको. मग निव्वळ कुतूहलाने त्यांनी विचारलं, "पण एवढं ज्येष्ठमध कशासाठी?"

"घशासाठी," बायको म्हणाली.

"घशाला काय झालं होतं?"

बायकोने दहाबोट्याकडे पाहिलं. दहाबोट्याने फरशीकडे पाहिलं. त्या व्हरांड्यात उत्तर सगळ्यांत जास्त ज्याला हवं होतं तो गाडीवर आडवा पडून वाट पाहत होता. उत्तर आलं नाही. गाडी ढकलणारा माणूस तेवढा आला.

सूज उतरायला लागली, आणि आवाज एक एक करून परत आले. सगळ्यांत आधी शेळी आली, कारण तिला नुसतं खोकायचंच होतं. मग मगर. राजा सगळ्यांत शेवटी, राजाला शोभेल असा. वॉर्डातले बाकीचे पेशंट रोज सकाळी आज कोण आलं म्हणून विचारायचे. घसा त्यांच्याशी बोलायचा. बायकोशी हं आणि नको एवढंच. ती बिचारी त्याला चमच्याने सूप भरवत, जीभ अजून जड असेल म्हणून समजूत घालत राहिली.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्याने तिला विचारलं, की तुला कधीपासून माहीत होतं? ती आधी कशाचं म्हणाली. मग त्याच्याकडे पाहून तिने भांडं खाली ठेवलं.

"अहो, तुम्हालाच त्रास होऊ नये म्हणून. भाऊजी स्वतः सांगणार होते. मला वाटलं, त्यांच्याकडून कळलेलं बरं."

"आणि घसा जाणवतो म्हणालीस ते?"

"ते चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण तुम्ही एवढं मनाला लावून घ्याल असं वाटलं नाही हो."

"मावशीचा आवाज मी तुझ्यावरून उचललाय," घसा म्हणाला. "वीस वर्षं तुझ्यासारखं बोलून पोट भरतोय. आणि तू खोटं बोललीस तेव्हा मला ऐकू आलं नाही."

तो तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण ओरडायची त्याला सवयच नव्हती.

दहाबोट्या आला तो दुपारी, हातात फुलं घेऊन, आणि आल्या आल्या दारातून त्याने राजाला मुजरा केला. राजा बोलला नाही. मग तो खुर्चीत बसला, आणि मग ज्याला त्याला उशिरा सुचतं ते त्याला सुचलं. त्याने फुलं मांडीवर ठेवली.

"तू ऐकत होतास," तो म्हणाला.

"सगळं. बिस्किटंसुद्धा."

दहाबोट्याची बोटं फुलांच्या कागदाची कडा दुमडत राहिली. घशाने त्याला एकच विचारलं. बालनाट्यगृहाचं विचारलं नाही, हो का म्हणालास हे विचारलं नाही.

"माझा घसा खरंच बसला होता का रे? एकदा तरी?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती, आणि ते खोटं घशाला चाललं असतं. निदान एखाद्या खेळात तरी बसला होता, एवढं म्हटलं असतं तरी त्याने ते धरून ठेवलं असतं.

"नाही," दहाबोट्या म्हणाला. "कधीच नाही. उलट गेलं वर्षभर तू जास्तच जोर लावत होतास. ऐकायला मजा यायची."

"मग मेल्यावर काय सांगणार होतास सगळ्यांना?"

"हेच," दहाबोट्या म्हणाला. "की काय आवाज होता."

घसा हसला. त्याला खरंच हसू आलं, दहाबोट्यालाही आलं, आणि क्षणभर दोघं पुन्हा त्या पडद्याआड असल्यासारखे गुडघ्यावर हात मारत हसत राहिले. बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली. तिला वाटलं मिटलं. दहाबोट्यालाही तसंच वाटलं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि भराभर बोलायला लागला: संचालिकाबाईंना मी सांगतो, एक आवाज ठेवू, शेळी ठेवू, निदान तिचं खोकणं तरी, खोकण्याला भाषा लागत नाही. हे तो इतक्या मनापासून सांगत होता, की आपण जोडीदाराला त्याच्याच खेळात एक खोकला देऊ करतोय, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

घसा उठला. त्याने कोपऱ्यातलं बुटकं स्टूल उचललं, जे इतकी वर्षं पडद्याआड त्याच्या बुडाखाली होतं आणि जे शाळेतून कुणीतरी घरी आणून टाकलं होतं, आणि ते दहाबोट्याच्या हातात दिलं. चौकटीबरोबरचं आहे, म्हणाला, तुझ्याकडेच असू दे. दहाबोट्या एका हातात फुलं आणि एका हातात स्टूल घेऊन जिना उतरला. फुलं त्याने कुठे ठेवली कुणास ठाऊक. त्याच्याही लक्षात राहिलं नसेल.

ठरल्याप्रमाणे दुसरा एमआरआय झाला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली, मुलाने काढलेलं चित्र आई दाखवते तशा कौतुकाने. इथे बघा, तेव्हा केवढी होती, आणि आता डागसुद्धा नाही. अशी केस वारंवार येत नाही, म्हणून त्यांनी ही चित्रं विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवायची परवानगी मागितली. घशाने दिली. सगळं पूर्वीसारखं वाटतंय ना, असं त्यांनी विचारलं. त्या मेंदूबद्दल विचारत होत्या, म्हणून तो हो म्हणाला.

बालनाट्यगृहातला बिनशब्दांचा खेळ एक हंगाम चालला आणि पुढच्या हंगामात त्यांनी तो घेतला नाही. दहाबोट्याने दोनदा निरोप पाठवला. घसा गेला नाही. आवाज काढणं सोडून तो आता एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असतो. सोमवारी दुकान बंद असतं.